पांढऱ्या गाडीतले गाऱ्हाणे

तळेरे,
१६ फेब्रुवारी

तीर्थरूप दादांस,

लवूचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठांपैकी सहाच अंगे जमिनीला लागतात. उरलेली दोन मनाने टेकवली आहेत, ती पोचली असे समजावे.) आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. तुम्हीही तिकडे कोल्हापुरात खुशाल असाल असे धरून चालतो, कारण मी फोन केला की तुम्ही "बरो आसय" एवढे बोलून फोन वहिनींच्या हातात देता, आणि एवढ्यावरून माणसाच्या तब्येतीचा अंदाज काढणे मला जमत नाही. पित्त कसे आहे? उजवा खांदा वर जातो का? ओमकारला म्हणावे, तुझ्या काकाची साखर आता औषधाने नव्हे, तुझ्या सुगंधाकाकीच्या धाकाने ताब्यात आहे. कलमांना यंदा मोहर भरपूर आला आहे, तुडतुड्याने अजून तरी कृपा केली आहे, आणि काजूच्या बिया परवापासून पडू लागल्या आहेत. तुम्ही लावलेल्या कोपऱ्यातल्या हापूसला मात्र यंदाही मोहर एकाच बाजूला आहे आणि कोल्हापूरच्या दिशेच्या फांद्या रिकाम्या आहेत. (हा टोमणा नव्हे. झाड बघून आलो आणि मग लिहिले.)

पत्र लिहिण्यास कारण असे की, तुमच्या पांढऱ्या गाडीतला मूळचा टेप आम्ही काढून तिथे नवा स्टिरिओ बसवला. जुना टेप कुठे ठेवू, एवढेच विचारायचे आहे. चतुर्थीच्या त्या प्रसंगाबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचे नाही असे मी सुगंधाला वचन दिले आहे. तेव्हा सहा वर्षांपूर्वीच्या चतुर्थीला तुम्ही गणपतीपुढे नारळ धरून घरासाठी मागणे मागत गाऱ्हाणे घालत होता, ते पुरे होण्याआधीच मी मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळा झालो, माझ्यामागून सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले आणि मग हसले, तुम्ही नारळ माझ्या हातात देऊन "आता पुढचा तूच घाल" म्हणालात, आणि चौथ्या दिवशी गाडीची चावी खुंटीला अडकवून ओमकारकडे 'चार दिवस' गेलात, या गोष्टीचा उल्लेख मी कुठेही करणार नाही. वचन म्हणजे वचन. मला भूक लागली होती, भात थंड होत होता, हे मी तेव्हाच सगळ्यांना सांगितले आहे आणि त्यावर घरातल्यांनी माझा पुरेसा उद्धार केला आहे.

फोनवर हे बोललो असतो, पण फोन मधेच तोडता येतो. पत्राचे तसे नाही. पत्र लिहिणाऱ्याला कोणी मधे "व्हय म्हाराजा" म्हणून थांबवू शकत नाही. हे सुख काय असते ते तुम्हाला मी काय सांगणार?

तर गाडी. आमची तेजस्वी गुरांची डॉक्टर झाली हे तुम्हाला ठाऊक आहे. (तुमचे पेढे पोचले होते. सोबत चार ओळी असत्या तर जास्त गोड लागले असते.) दोन वर्षे तिने गडहिंग्लजला दुसऱ्याच्या दवाखान्यात चांगली बांधल्या पगाराची नोकरी केली, आणि दिवाळीला घरी येऊन ती सोडल्याचे सांगितले. आता स्वतःचा दवाखाना. तळेरे नाक्याच्या मागच्या गल्लीत एक गाळा घेतला आहे, येत्या पाडव्याला उघडायचा. पण गुरे काही रिक्षा करून दवाखान्यात येत नाहीत, डॉक्टरनेच गोठ्यात जायचे असते. म्हणून तुमची गाडी तिने ताब्यात घेतली, डिकीत औषधांच्या पेट्या भरल्या आणि इकडे वैभववाडीपासून तिकडे विजयदुर्गापर्यंत फिरायला सुरुवात केली. अडचण अशी की गाय अडली की मालक फोन करतो, फोन पर्समध्ये वाजतो, पोरगी वळणावर असते, सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घेईपर्यंत फोन बंद होतो आणि मालक दुसऱ्याला बोलावतो. त्यामुळे गाडीतच फोन वाजेल आणि हात न लावता बोलता येईल असा नवा स्टिरिओ पाहिजे, असे तिने ठरवले. मी विरोध केला. म्हटले, गाडीला वीस वर्षे होत आली, तिला असले दागिने शोभत नाहीत. पण दादा, दिवाळीपासून साडेतीन महिन्यांत तिला अकरा जनावरे मिळाली, आणि त्यातली तीन आपली. पोरगी नुसत्या त्याच त्या औषधांच्या पेट्या पुन्हा पुन्हा पुसत बसते. बांधल्या पगाराची नोकरी सोडून आली आहे, आतून घाबरली आहे. तिचा दवाखाना चालायला पाहिजे, बाकी मला या वयात दुसरे काही मागायचे नाही.

मी विरोध का केला ते सांगायचे तर एक कबुली द्यावी लागेल. तुम्ही बसून वाचत असाल तर ठीक, उभे असाल तर बसा.

गाडी आणली त्या दिवशी अंगणात तुम्ही तिच्यासाठी घातलेले गाऱ्हाणे ओमकारने कॅसेटवर भरले होते, आठवते? ती कॅसेट पुढे गाडीच्या टेपमध्ये अडकली, बाहेर येईना, रेडिओ बंद पडला आणि टेप लावला की फक्त तुम्ही बोलायचात. तुम्ही इथे होता तेव्हा त्यावर वैतागायचात. तुम्ही गेल्यावर पहिली चतुर्थी आली आणि प्रश्न पडला की गाऱ्हाणे घालणार कोण? वाडीत दुसऱ्या कोणाला ते येत नाही. मला तर तुम्ही नारळ दिला होतात, पण नारळाबरोबर शब्द दिले नव्हते. शेवटी सुगंधाने युक्ती काढली. गाडी रिव्हर्समध्ये अंगणातून थेट पडवीला लावली, चारही दारे उघडली, टेप चालू केला, आणि आम्ही सगळे गणपतीपुढे हात जोडून उभे राहिलो. तुम्ही गाडीतून गाऱ्हाणे घातलेत, आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटले. (सगळ्यांनी अगदी वेळेवर. मी तर सर्वांत शेवटी.) दादा, सहा चतुर्थ्या आमच्या अशाच झाल्या.

आणि नुसत्या चतुर्थ्या नव्हेत. एकदा सवय लागली की प्रत्येक कामाला आम्ही गाडी पडवीला लावू लागलो. आता त्या गाऱ्हाण्यात मागितलेले सगळे गाडीसाठी, हे खरे. पण देवाने आमची अडचण ओळखून जमेल तसे जुळवून घेतले. बोअर मारताना तुम्ही टेपवरून म्हणालात, "हिची टाकी कधी रिकामी पडाक नको," आणि बोअरला अडीच इंच पाणी लागले. सुगंधाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते तेव्हा तुम्ही म्हणालात, "हिचे पुढचे दोनय दिवे लख्ख ऱ्हवांदेत," आणि आता तिला माझ्या ताटातला दुसरा लाडू पडवीतून दिसतो. तेजस्वीच्या शेवटच्या परीक्षेला "घाटात हिचा दम जाव नको" हे कामी आले. ज्या कामाचे गाडीशी काहीच जुळले नाही, उदाहरणार्थ माझी साखर, ती तशीच राहिली. गाडी मात्र दर वेळी कामाला आली आणि वीस वर्षांत तिला एकदाही पंक्चर नाही. ज्या गाडीसाठी वर्षातून सात-आठ वेळा देवाला साकडे घातले जाते, तिला पंक्चर होईलच कसे?

तेव्हा टेप काढायचा म्हणजे घरातला गाऱ्हाणे घालणारा काढायचा, अशी माझी अडचण होती. तेजस्वीने तोड काढली. नाक्यावर रमीझचे गाडीच्या स्टिरिओचे दुकान आहे, तो कॅसेट सोडवून आतला आवाज पेन ड्राइव्हवर भरून देईल, मग तुम्ही नव्या स्टिरिओतून बोलाल. रमीझ म्हणजे विजयदुर्गच्या बाजारात रेडिओ-टेपचे दुकान होते त्या इक्बालचा मुलगा. इक्बालही आता इथेच मुलाच्या दुकानात खुर्ची टाकून बसतो.

गेल्या आठवड्यात एका सकाळी आम्ही गेलो. रमीझने डॅशबोर्ड उघडून आत बॅटरीचा उजेड टाकला आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग म्हणाला, "काकानू, ह्या वायरिंग कोणी केल्यान?" टेप मधे दोन-तीनदा बंद पडला होता तेव्हा तो मीच दुरुस्त केला होता, जोडांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून. मी म्हटले, आधीच्या मेकॅनिकने. रमीझ म्हणाला, "तो मेकॅनिक जितो आसा?" तेजस्वी तोंड फिरवून हसली. पुढे असे निघाले की मूळच्या टेपची जागा एका खणाची आणि नवा स्क्रीन दोन खणांचा, त्यामुळे टेपखालचा तुमचा तंबाखूच्या डबीचा कप्पाही काढावा लागला. (त्यामागे काय सापडले ते शेवटी लिहितो.) सगळे जोडून पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हा स्टिरिओ लागला नाही, वायपर लागला. हॉर्न दाबला तर डाव्या हाताला वळायचा दिवा लागला. रमीझने माझ्याकडे एकदा बघितले, माझ्या पट्ट्या एकेक करून सोडल्या आणि दुपारपर्यंत सगळ्या वायरी नव्याने ओढायच्या ठरवल्या.

तोपर्यंत जुना टेप काउंटरवर आला होता. रमीझने स्क्रू ड्रायव्हर लावला आणि मागे घेतला. म्हणाला, "काकानू, आत माणसाचो आवाज आसा. ह्यां माझ्या हातान होवचा नाय. अब्बाच करतीत." इक्बालचे हात हल्ली थोडे कापतात. पण टेप पुढ्यात आल्यावर त्याने चष्मा पुसला, सुनेचा भुवया कोरायचा चिमटा मागवला आणि वरचे झाकण उघडून कॅसेटला आतून असे काही हळूहळू समजावले की पंधरा वर्षे न निघालेली ती वस्तू पाच मिनिटांत बाहेर आली. तिच्याबरोबर दोन हात लांब फीतही बाहेर आली आणि एका ठिकाणी तुटली. इक्बाल शांतपणे म्हणाला, "लवू, ही कॅसेट माझ्याच दुकानातली. तुझ्या दादान अर्धो तास घासाघीस करून घेतल्यानी. अशी मराची नाय." त्याने चुरगळलेला दोन बोटे तुकडा कापून टाकला, टोके चिकटवली, पेन्सिलीने कॅसेट गुंडाळली, आपला जुना टेपरेकॉर्डर काढला आणि तो आवाज तपासायला दुकानातल्या मोठ्या स्पीकरना जोडला.

दादा, मोठ्या स्पीकरना जोडायचे नव्हते. म्हणजे जोडले ते बरेच झाले, पण त्या क्षणी जोडायचे नव्हते. सकाळचे अकरा वाजले होते. नाक्यावर देवगडची एसटी लागलेली, बाजाराची माणसे, कलिंगडवाले, हायवेवरचे पर्यटक, आणि अचानक सगळ्यांच्या डोक्यावरून तुमचा आवाज गेला, "बा देवा म्हाराजा! आज जो काय तुझो लेकरू दत्तप्रसाद, तेणां ही पांढरी गाडी घेतल्यान आसा, ती तुझ्या पायाकडे हाडल्यान हा..." आपल्या माणसांना गाऱ्हाणे ऐकू आले की ते कोणाचे, कशाचे हे विचारत नाहीत. कलिंगडवाल्याने सुरी खाली ठेवली. एसटीच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केले. हवालदाराने टोपी काढून काखेत धरली. आणि तुम्ही जिथे जिथे थांबलात तिथे तिथे सबंध तळेरे नाका एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणाला. पर्यटकांच्या एका गाडीतून एक बाई उतरल्या आणि देऊळ कुठल्या बाजूला आहे ते विचारू लागल्या. एसटीच्या रांगेतल्या एका म्हातारीने माझा दंड धरला. "ह्यो दत्तप्रसादाचो आवाज मां? खंय आसता तो?" मी म्हटले, कोल्हापूरला. ती म्हणाली, "मगे तुमच्याकडे गाऱ्हाणा कोण घालता?" मी काउंटरवरच्या टेपकडे बघितले.

आता जे लिहितो ते नीट वाचा. आपल्या गाडीचे मूळचे स्पीकर इतके फाटके होते की त्यातून तुमचा जाड आवाज तेवढा यायचा, बारीकसारीक काही कळत नसे. टाकीचे, दिव्यांचे, चाकांचे, घाटाचे मागून झाल्यावर पुढे थोडी खरखर आणि मग शेवट, एवढेच आम्ही ऐकत आलो. त्या मोठ्या स्पीकरवर ती खरखर पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आली. तुम्ही दम घ्यायला थांबला आहात आणि मागून एक घाईचा आवाज येतो, "व्हय म्हाराजा!" तो माझा. वीस वर्षांपूर्वीचा. तेव्हाही मी मधेच म्हणालो होतो, दादा! आणि तुम्ही काय केलेत? हसलात. मोठ्याने, पोट धरून हसावे तसे हसलात आणि म्हणालात, "थांब रे मेल्या, गुरां ऱ्हवली अजून!" आणि मग पुढे म्हणालात, "हिच्या वाटेत गुरांढोरां कधी आडवी येव नकोत, म्हाराजा!"

नाका म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

सहा वर्षांत मी तुमचे हसणे ऐकले नव्हते. रमीझने स्टूल पुढे केले. डोळे पुसून मी बाजूला बघतो तो तेजस्वी पांढरी पडलेली. मला आधी कळेना. मग कळले. गुरांची डॉक्टर, जी गाडी घेऊन गुरे शोधत फिरते, त्या गाडीच्या वाटेत गुरे कधी येऊ नयेत, असे आम्ही सगळे वर्षातून सात-आठ वेळा देवाकडे हात जोडून मागत होतो आणि वर "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. दिवाळीत तिने गाडी घेतली तेव्हाही खास तिच्या कामाला यश यावे म्हणून गाडी पडवीला लावून तेच मागितले. सुगंधाला घरी येऊन सांगितले तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "देवान ऐकल्यान, आनी काय!" त्या दिवशी तुम्ही माझे ऐकून तिथेच थांबला असता, तर पोरीची साडेतीन महिन्यांची वणवण वाचली असती, असे माझ्या मनात येऊन गेले. ते मी मनातच ठेवले आहे.

इक्बालने तोडलेल्या तुकड्यात काय गेले तेही समजले. तुम्ही चारही चाकांची राखण वेगवेगळी मागितली होती, त्यातले मागचे डावे चाक गेले. ती गुरांची ओळ गेली असती तर मी पेढे वाटले असते, पण ती नेमकी शाबूत. आणि संध्याकाळी नवा स्टिरिओ लावून घरी येताना, नाक्यापासून दोन किलोमीटरवर, गाडीचे पहिले पंक्चर झाले. कुठले चाक ते लिहायची गरज नाही. तेजस्वीने पाच मिनिटांत स्वतः चाक बदलले आणि म्हणाली, "योगायोग असता, बाबा." पण बाकीची तिन्ही चाके तिने वाकून बघितली.

नवा स्टिरिओ उत्तम आहे. त्यात तुमच्याखेरीज अजून काही भरलेले नाही, त्यामुळे चावी फिरवली की तुम्हीच सुरू होता. तेजस्वी गोठ्यापुढे जाऊन थांबते तेव्हा घरातली माणसे हात जोडूनच बाहेर येतात. नकाशा लावला की रस्ता सांगणारी बाई तुम्हाला दर वळणाला तोडते आणि दोनशे मीटरवर उजवीकडे वळा म्हणते. तिच्यावर कोणी रागावून कोल्हापूरला गेलेले नाही. (वचन मोडल्यासारखे वाटत असेल तर हे वाक्य वाचू नये.) आणि मुख्य म्हणजे फोन येतो. काल आम्ही कासार्ड्याकडून येत होतो, तुम्ही चाकांपर्यंत आला होता, इतक्यात आवाज थांबला आणि स्पीकरमधून एक माणूस म्हणाला, "डॉक्टरीणबाय, म्हस खाना नाय, येतास काय?" तेजस्वी म्हणाली, "इलंय." दादा, तो एक शब्द तिने असा म्हटला की मला वाटले, चालेल. पोरीचे चालेल.

पण पाडव्याला गाळ्यापुढे काय लावायचे? टेप लावला तर गुरे येऊ नकोत. न लावावा तर इतक्या वर्षांत आपल्या घरातले कुठलेही काम गाऱ्हाण्याशिवाय सुरू झालेले नाही. तेजस्वीला विचारले. ती म्हणाली, "गाऱ्हाण्यान दवाखानो चालना नाय, ता माका कळता, बाबा. पण दादाकाका थंय उभे ऱ्हवले तर माका धीर येतलो." शेवटी मीच प्रयत्न करायचा ठरवला. तुम्ही नारळ दिलाच आहे तर बघू, म्हणून काल दुपारी काजूखाली कोणी नाही असे बघून उभा राहिलो. "बा देवा म्हाराजा" झाले, तेजस्वीचे नाव झाले, दवाखाना झाला, आणि तिसऱ्या वाक्याला माझ्याच तोंडून निघाले, "व्हय म्हाराजा." संपले. मला जन्मभर तेवढेच येत आले आहे.

असो. टेप कुठे ठेवू ते कळवावे. वहिनींना नमस्कार, ओमकारला आशीर्वाद. खांद्याला तीळतेल कोमट करून लावावे. चूकभूल पोटात घालावी, आणि पोट दुखत असेल तर तेही कळवावे.

तुमचा धाकटा,
लवू

ता. क. टेप कुठे ठेवू हे विचारायला पत्र लिहिले असे वर दोनदा म्हटले आहे. ते खरे नाही. टेप तांदळाच्या पिंपावर ठेवून झाला आहे आणि सुगंधाने त्याला हळदकुंकूही वाहिले आहे.

आणखी ता. क. तंबाखूच्या कप्प्यामागे कपाटाची ती छोटी चावी सापडली, जी मी हरवली म्हणून तुम्ही माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हता. ती पोस्टाने पाठवणार नाही, पोस्टात वस्तू गहाळ होतात. स्वतः येऊन न्यावी. बाकी मी काही मागत नाही.

आणखी एक. वहिनींनी सुगंधाला सांगितले की तिकडे शेजाऱ्याने स्कूटर घेतली तेव्हा तुम्ही खाली उतरून तिला गाऱ्हाणे घातलेत, पुरे केलेत, आणि सगळे नुसते बघत राहिले. "व्हय म्हाराजा" म्हणायचे असते हे तिथे कोणालाच माहीत नव्हते. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, असेही वहिनी म्हणाल्या. दादा, इथे म्हणणारे पुष्कळ आहेत. सबंध नाका आहे.

आता खरे. त्या चतुर्थीला मला भूक लागली नव्हती. भातही गरम होता. तुम्ही मधे थांबलात, पुढचे शब्द तुम्हाला आठवेनात, आणि नारळावरचा तुमचा अंगठा नुसता फिरत राहिला. ते मला एकट्याला दिसले, कारण मी तुमच्या हाताशी होतो. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी "व्हय म्हाराजा" म्हटले. सगळे माझ्या घाईला हसले, तुम्हाला वाटले तुम्हाला हसले. तुमचे थांबणे कोणालाच कळलेले नाही, आणि सहा वर्षांत मी ते सुगंधालाही सांगितलेले नाही. पाडव्याला शब्द आठवले नाहीत तर थांबा हवे तितके. आम्ही सगळे गप्प उभे राहू, आणि मी सगळ्यांत गप्प. मला तुमची फार आठवण येते.

शेवटचे. पाडव्याच्या दोन दिवस आधी तेजस्वी करूळ घाटाने गाडी घेऊन कोल्हापूरला तुम्हाला न्यायला येईल. वाटेत स्टिरिओ बंद ठेवायला सांगितले आहे, म्हणजे तुम्हाला स्वतःशीच भांडावे लागणार नाही. "येतास काय?" असे ती विचारील. उत्तर लांब नको, दोनच शब्द म्हणा, तुम्हाला ठाऊक आहेत ते. आणि हे पत्र पुरे वाचून होण्याआधीच ते तुमच्या तोंडून निघून गेले असतील, तर मी मुळीच रागावणार नाही.